श्वास राखून ठेवणारा शिंगाड्या

राजे गेले, राजधान्या गेल्या, नद्यांनीही पात्रं बदलली, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की गावकरी वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावत आणि गुराढोरांसह तिथंच खोपटं घालून राहत. पण वर डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला, की नदी न सांगता फुगायची. म्हणून काठच्या टेकाडावर हैबती शिंगाड्याला घर दिलेलं होतं. पाणी चढताना दिसलं की त्यानं शिंग फुंकायचं आणि माणसांनी वर पळायचं.

एकदा गावात एक योगी आला. देवळाच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "प्राण श्वासावर बसून येतो आणि जातो. ज्याच्या त्याच्या वाट्याला श्वास मोजकेच आलेले असतात."

हैबतीनं एवढंच ऐकलं. तो तसाच उठून घरी आला.

त्या दिवसापासून त्याच्या बायकोच्या, येसूच्या, डोक्याला ताप सुरू झाला. चूल फुंका म्हटलं, की हा मान हलवी. गाय चरत लांब गेली, तरी हाक मारीना. हसू आलं तर तोंडावर उपरणं दाबी. काही विचारलं, की बोटांनी खुणा करी.

"अहो, शेजारीण विचारते, तुमच्या यांची वाचा बसली का?"

हैबतीनं छातीवर हात ठेवला. म्हणजे, श्वास वाचतो.

"वाचवून करणार काय त्याचं? लोणचं घालणार?"

शेवटी ती तणतणत देवळात गेली. "महाराज, काय भरवून दिलंत आमच्या माणसाला?"

योग्यानं कपाळावर हात मारला. "बाई, माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच तो उठला! श्वास पुरता सोडल्याशिवाय पुरता घेता येत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं."

येसूनं घरी येऊन ते शब्दन् शब्द सांगितलं. हैबतीनं कानांवर हात ठेवले. आता या माणसापुढं कुणी डोकं फोडावं?

पुढं एका दुपारी येसू वाळवण उलटत होती. डोंगराकडं आभाळ काळंभोर झालं होतं. तिनं नदीकडं पाहिलं, तर वरच्या वळणावर मातकट फेसाची रेघ पुढं सरकत होती. खाली वाळूत माणसं निवांत कलिंगडं तोडत होती.

"अहो, पाणी!"

हैबती उठला, पण शिंगाला हात लावीना. येसूनं खुंटीवरचं शिंग ओढलं, ओठांना लावलं, जीव खाऊन फुंकलं. नुसतं फुस्स झालं.

"खाली माणसं मरतील! आणि तुम्ही कशासाठी जगणार? खुणा करायला?"

तेव्हा कुठं त्यानं शिंग घेतलं. पण इतके दिवस वरवर श्वास घेऊन छाती आखडली होती. शिंग नुसतं कण्हलं. खालच्या लोकांनी माना वर केल्या आणि ते पुन्हा कामाला लागले. त्यानं पुन्हा फुंकलं, आवाज मध्येच तुटला.

"पोटातून घ्या! सगळा सोडा!" येसू ओरडली.

हैबतीनं डोळे मिटले. बेंबीपासून श्वास ओढला आणि सगळाच्या सगळा शिंगात ओतला. नदीचे दोन्ही काठ घुमले. माणसं पोरांना काखेत मारून टेकाडाकडं धावली.

माणसं वाचली. खुंट्यांना बांधलेले बैल मात्र वाहून गेले. त्यांचं हंबरणं टेकाडावर ऐकू येत होतं आणि मग ते थांबलं.

गावचा म्हातारा पाटील हैबतीजवळ आला. "पहिल्याच फुंकेला शिंग वाजलं असतं, तर दावी सोडायला वेळ मिळाला असता," एवढंच बोलला आणि शिंग काढून घेऊन गेला. त्यानं ते दुसऱ्याच्या हाती दिलं.

हैबती धापा टाकत बसून राहिला. छाती भरत होती, रिकामी होत होती. तो मेला नव्हता. कितीतरी दिवसांनी तो बोलला, "येसू, चुकलं माझं."

"हे सांगायला श्वास उरला, हेच नशीब," येसू म्हणाली आणि तोंड फिरवून रडू लागली.

म्हणून सांगतो, प्राण राखून ठेवल्यानं वाढत नाही. दुसऱ्याच्या कामी आला तेवढाच सार्थकी लागतो.