तांबटाच्या सुनेची दुपटी

ऐक दोरीवरच्या उन्हा, तुझी कहाणी.

आटपाट नगरात तांबटांची आळी होती. आळीत राघोजी तांबट राहत होता. घरात म्हातारी आई ठकूबाई आणि बायको चिमा. दिवसभर हातोडा चाले. साऱ्या नगराचं पाणी राघोजीच्या हंड्यांत तापे.

चिमाला पहिलं मूल झालं. बारसं झालं, आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. का गेलं, कुणाला कळलं नाही. आळी म्हणाली, दुपटी घाटावर वाळत होती, कुणाची तरी दृष्ट लागली. चिमानं ते मनात धरलं.

मग दुसरं मूल झालं. मुलगा झाला. दर आदितवारी परीट दाराशी येई. बाळंतघरचे कपडे नेई, उकळी, उन्हात वाळवी, आणून देई. चिमानं त्याचं येणं बंद केलं. दिवेलागणीनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत, ही रीत साऱ्यांची. चिमानं रीत ताणली, दिवसाही बाहेर ठेवीना. माजघरात दोरी बांधली, दार लावलं, अंधारात दुपटी टाकली. ती वाळेनात. कुबट वास येई. चिमा दुपटं नाकाशी धरी. मग पुन्हा धुई, पुन्हा अंधारात टाकी, पुन्हा वास येई.

राघोजी भांडी घेऊन परगण्याच्या बाजारांना गेला. दीड महिन्यानं येणार होता. त्याची पाठ वळली आणि आळीत एक बाटलीवाला आला. म्हणाला, बाई, डोळ्यांना न दिसणारी कीड कपड्यांत असते. साबणानं ती मरत नाही. शेवटच्या पाण्यात ह्यातलं टोपणभर घाल. चिमा घाबरली. तांब्या दिला, निळी बाटली घेतली.

सासूनं विचारलं, तांब्या कुठं आहे? चिमा म्हणाली, कल्हईला दिला.

त्या आदितवारी एक म्हातारा परीट आला. नेहमीचा नव्हता. डोक्याला तांबडं मुंडासं होतं. म्हणाला, मुली, कपडे टाक. चिमा म्हणाली, कपडे नाहीत. म्हातारा म्हणाला, घरात तान्हं आहे आणि कपडे नाहीत? चिमानं दार लावलं.

कुबट वास गेला, निळ्या बाटलीचा वास आला. पण बाळाच्या मांड्या लाल झाल्या. चिमा म्हणाली, कीडच ही. बाटलीवाला म्हणाला, कीड चिवट आहे, दोन टोपणं घाल. चिमानं घागर दिली, गुलाबी बाटली घेतली. सासूनं विचारलं, घागर कुठं आहे? कल्हईला दिली. आदितवारी म्हातारा आला. चिमा म्हणाली, कपडे नाहीत. दार लावलं.

लाली पाठीवर चढली. बाळ झोपेना, झोपू देईना. बाटलीवाला म्हणाला, तीन टोपणं घाल. चिमानं घरचा मोठा हंडा दिला, पांढरी बाटली घेतली. ठकूबाई म्हणाली, "पाण्याच्या हंड्याला कल्हई? तांबटाच्या सुनेनं हे बोलावं? सूनबाई, शेजारणींपुढं बोलू नकोस, हसतील."

चिमानं खाली मान घातली. घरात पाणी तापवायला आता मोठं भांडं उरलं नाही.

त्याच आठवड्यात ठकूबाईला हगवण लागली. लुगडी भरू लागली. चिमा एकटी, बाळ काखेत. घाईनं सासूचं लुगडं आणि बाळाची दुपटी एकाच घमेल्यात भिजवली. गार पाणी, वर तीन टोपणं. म्हणाली, औषध आहे, काय होतंय? हात पदराला पुसले, बाळाला पाजायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाळाला हगवण लागली. डोळे खोल गेले. टाळू बसली. पहिलं बाळही शेवटी असंच निपचित पडलं होतं.

आदितवार होता. म्हातारा आला. ह्या वेळी त्यानं हाक घातली नाही, दारावरून पुढं चालला. चिमा धावली. म्हणाली, "बाबा, माझं पोर जातंय. मी काय चुकले?"

म्हातारा म्हणाला, "आधी पोराला वैद्याकडे ने. मी कपड्यांचं सांगेन, पोराचं वैद्य सांगेल."

चिमा वैद्याकडे गेली. वैद्यानं औषध दिलं. म्हणाला, अंगावर पाजणं थांबवू नकोस, संध्याकाळी पुन्हा आण. चिमा परत आली. म्हातारा पायरीवर बसला होता. तो म्हणाला, तुला वसा सांगतो, उतू नकोस, मातू नकोस. चिमा म्हणाली, सांगा.

"हात साबणानं धू. आजाऱ्याचे कपडे वेगळे, बाळाचे वेगळे. घाण आधी काढ, मग साबण लावून उकळत्या पाण्यात घाल. स्वच्छ पाण्यात खळबळ, गच्च पीळ, झटक, उन्हात टाक. कडकडीत वाळल्याशिवाय घडी घालू नकोस."

"आणि बाटली?"

"धडधाकट घराला ती लागत नाही. साबण, पाणी, ऊन पुरे. घरात मोठं दुखणं आलं, उकळायची सोय नसली, तर वैद्याला विचार, तो सांगेल तेवढीच घे. भीतीला विचारू नकोस."

चिमा रडली. म्हणाली, उकळू कशात? हंडा मी देऊन बसले. म्हातारा म्हणाला, जा, मागून आण. तोवर बाळाजवळ मी बसतो.

चिमा विचारत विचारत बाटलीवाल्याच्या घरी गेली. तो फेरीला गेला होता. ओसरीवर निळ्या, गुलाबी, पांढऱ्या बाटल्यांची रांग. अंगणात चूल पेटलेली. चुलीवर चिमाचा हंडा. हंड्यात लंगोट, दुपटी, टोपडी रटरटत होती. दोरीवर उन्हात पोरांचे कपडे फडफडत होते. बाटलीवाल्याची बायको काठीनं ढवळत होती.

चिमा म्हणाली, "बाई, तुमच्या पोरांच्या कपड्यांना कुठली बाटली?"

ती हसली. म्हणाली, "आमच्या पोरांना बाटली कशाला? ऊन आहे की."

मग तिनं चिमाचं तोंड पाहिलं. हंड्याकडं पाहिलं. काठावर राघोजी तांबटाच्या ठोक्याची खूण होती. चुलीतली लाकडं ओढली, कपडे काढले, पाणी ओतलं, हंडा गार पाण्यानं विसळून चिमाच्या डोक्यावर दिला.

चिमा घरी आली. सासूला खरं सांगितलं. ठकूबाई म्हणाली, राघोजी आला की त्यालाही तूच सांग. मग म्हणाली, पाणी ठेव.

चिमानं चूल पेटवली. सासूचं वेगळं उकळलं, बाळाचं वेगळं उकळलं. पिळलं, झटकलं. दुपटं घेऊन अंगणाच्या दाराशी आली आणि पाऊल अडलं. समोर बयो शेजारीण उभी होती. बघत होती. चिमाला पहिलं बाळ आठवलं. माजघराची दोरी आठवली. मागं फिरली. पायरीवर म्हातारा उठून उभा होता. भर दुपारी त्याच्या पायाशी सावली नव्हती. चिमानं हात जोडले. मान वर केली, तो पायरी रिकामी, आणि अंगणभर ऊन.

चिमानं दुपटं उन्हात टाकलं.

बयो बघत राहिली. चिमा उभी राहिली, दोरी धरून. दुपटं वाळलं, कडकडीत झालं. त्याला कसलाच वास आला नाही.

असे तीन आदितवार गेले. पहिल्या आदितवारी दोघांची हगवण थांबली. दुसऱ्या आदितवारी मांड्यांची लाली गेली. तिसऱ्या आदितवारी बाळ दूध पिऊन हसलं. राघोजी घरी आला. चिमानं सगळं सांगितलं. त्यानं दोरीसाठी अंगणात दोन खांब रोवून दिले.

बयोनं कुंपणावरून विचारलं, "चिमे, बाळ बरं आहे ना गं? महिना झाला, डोळ्यांनी दिसलं नाही."

चिमा म्हणाली, "बरं आहे. ये, बघ."

जसं चिमाच्या दोरीवर ऊन उतरलं, तसं तुमच्या-आमच्या दोरीवर उतरो. जशी तिची भीती वाळली, तशी सगळ्यांची वाळो. ही साठां पिळ्यांची कहाणी पांचां झटक्यांत कोरडी, सुफळ संपूर्ण.