बिनक्लचच्या गाडीची नळी

“...मग तुम्हीच सांगा ना बाबा, तेल येतंय तरी कुठून?”

मकरंद हे गाडीखालून विचारत होता. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि माणूस किती चिडलाय ते त्या पायांवरूनसुद्धा कळत होतं.

केरूबाबा चाकाला टेकून बसले होते. मांडीवर परात, परातीत भुईमुगाच्या शेंगा. एकेक फोडून दाणे बाजूला काढत होते.

“पूस,” ते म्हणाले. “मग बघू.”

“तीनदा पुसलं की!”

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

आता ही गाडी कसली, ते आधी सांगायला हवं. भोरदऱ्याच्या माळावर केरूबाबांचा मठ आहे, त्या मठाची ही जुनी पिकअप. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीनं लिलावात काढली आणि एका भक्तानं बाबांच्या दारात आणून उभी केली. गिअर आपोआप पडायचे, क्लच नव्हताच. म्हणून वस्तीवरची माणसं तिला बिनक्लचची म्हणायची.

अशा गाडीत गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं, आणि ते फार तापतं. दोन बारीक लोखंडी नळ्यांतून ते पुढे रेडिएटरपर्यंत जातं, थंड होतं आणि परत येतं. एवढ्याशा त्या नळ्या. पण एक जरी गळायला लागली तरी तेल संपतं, आणि तेल संपलं की गाडी चढावर बसकण मारते.

सोमवारी तिनं तशीच बसकण मारली होती. नेमकी हौसाक्का आत असताना.

हौसाक्का वस्तीवरची. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला तालुक्याला डायलिसिसला न्यावं लागे, आणि बाबा स्वतः गाडी हाकत तिला नेत. सोमवारी घाटात दोन तास उन्हात बसून ती तशीच माघारी आली. पाळी हुकली ती हुकलीच.

आज गुरुवार. तिचे पाय असे सुजले होते की जोडवी काढून ठेवावी लागली. दोन वाक्यं बोलली की धाप लागत होती. अकराची पाळी. वस्तीवरची एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेलेली, आणि रुग्णवाहिका तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा अपघातावर. आजची पाळी हुकली तर पुढे काय, हे डॉक्टरांनी तिच्या मुलाला फोनवर सांगितलं होतं आणि मुलानं ते तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतंच.

साडेसात वाजले होते. साडेनऊला निघणं भाग होतं.

मकरंद बाहेर आला. कपाळ, गाल, दंड, सगळीकडे तेल.

“बाबा, थेंब गिअरबॉक्सच्या जोडापाशी पडतोय. म्हणजे तोच जोड गळतोय. वायसर बदलला, तीनदा आवळला. गिअरबॉक्स हा माझा विषय आहे हो! अकरा वर्षं चाकणला हेच केलंय मी.”

ओट्यावर बसलेली हौसाक्का म्हणाली, “तुमचा इषय हाय ते खरं, इंजनेरसाहेब. पर गाडीला कुनी सांगितलंय का तसं?”

मकरंदला राग आला. पण आजारी बाईवर राग काढायचा तरी कसा?

तसा हा मकरंद वाळिंबे वाईट नव्हता बरं का. चांगला जम बसलेली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी मठात आला. पहाटे उठायचा, शेण काढायचा, भाकरीसुद्धा थापायला शिकला. पण काहीही करून झालं की दोन पावलं मागे सरून स्वतःच्या कामाकडे बघत उभा राहायचा. आणि दर आठवड्याला बाबांना विचारायचा, “माझी दीक्षा कधी?” बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. हो तर नाहीच नाही. “मग बघू,” एवढंच.

बाबांनी परात खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठले. धुनीच्या खोलीत गेले आणि बिस्किटाचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात धुनीची राख, वस्त्रगाळ केलेली. दुसऱ्या हातात जुन्या धोतराचं फडकं.

“अंगारा लावून गाडी नीट व्हत नसती, बाबा,” हौसाक्का म्हणाली. “म्या लई लावलाय. माझं काय झालं?”

बाबा खळखळून हसले. फडकं त्यांनी मकरंदच्या हातात दिलं.

“पूस. नळी सगळी. मागनं पुढपर्यंत.”

मकरंदनं नळी पुसली. गिअरबॉक्सपासून इंजिनाच्या कडेनं पुढे, पुढे... आणि रेडिएटरच्या हातभर अलीकडे थांबला.

“पुढचा जोड राहिला,” बाबा म्हणाले.

“तो मी स्वतः बसवलाय. पंधरा दिवसांपूर्वी रेडिएटर उतरवला होता ना, तेव्हा.”

“पूस.”

“तिथे काही असणं शक्यच नाही, बाबा.”

बाबांनी जोडाकडे बोट दाखवलं.

मकरंदनं फडकं फिरवल्यासारखं केलं. बाबांनी ते त्याच्या हातातून घेतलं, वाकले, आणि नटाच्या कडेकडेनं नख घालून जोड चांगला कोरडा केला. मग चिमटीनं राख घेतली आणि सबंध नळीवर भुरभुरली. जिथे थेंब पडत होता तिथे, मधल्या वळणावर, आणि मकरंदनं स्वतः बसवलेल्या जोडावरही तेवढीच.

त्यांनी गाडी चालू केली आणि पुन्हा येऊन बसले.

इंजिन घुरघुरत होतं. मकरंद गिअरबॉक्सच्या जोडावरून नजर हलवायला तयार नव्हता. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिथली राख कोरडी ठाक.

“ह्ये हितं लाल काय हाय गं बाई?”

हौसाक्का कधी ओट्यावरून उतरली, कधी पुढे येऊन वाकली, कुणाला कळलंच नाही. तिचं बोट रेडिएटरकडे होतं.

नटाच्या कडेला, पांढऱ्या राखेत, एक लाल ठिपका उमटला होता. मुगाएवढा. बघता बघता तो हरभऱ्याएवढा झाला. मग त्याची धार झाली, नळीच्या पाठीमागून सरकत सरकत मागे निघाली, आणि पार गिअरबॉक्सपाशी जाऊन टपकली.

मकरंद सरकत पुढे आला आणि वाकून बघू लागला.

तीन दिवस तो त्या गाडीखाली लोळत होता. सगळं तपासलं होतं त्यानं. एक सोडून.

“मीच केलंय हे...” तो म्हणाला. मग हौसाक्काकडे वळला. त्याला बोलताना जड जात होतं. “अक्का, सोमवारी तुम्ही घाटात अडकलात ते माझ्यामुळे.”

“बरं मग? आता रडत बसनार का गाडी करनार?”

तो पाना घेऊन धावलाच. जोडावर पाना बसवला, दात आवळले...

बाबांनी पान्यावर हात ठेवला.

“मागल्या टायमाला किती आवळला व्हतास?”

“जितका जोर होता तितका.”

“मग आता कुठला जोर लावणार?”

मकरंद थांबला. गाडी बंद केली. नट उलटा फिरवून नळी बाहेर काढली आणि उजेडात धरली. नळीचं तोंड तुतारीसारखं थोडं पसरलेलं असतं, त्या पसरलेल्या कडेवर केसाएवढी चीर गेली होती. आवळून आवळून फोडलेली. पंधरा दिवसांपूर्वी, त्याच्याच हातानं.

“नळीला वळणात थोडी ढील आहे,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज कामातल्या माणसाचा झाला होता. “बोटभर कापतो आणि नवं तोंड पाडतो. हत्यार आहे माझ्याकडे. होईल, बाबा. नक्की होईल.”

त्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नसता. सर्रकन नळी कापली, कानशीनं कड घासली, पकडीत बसवली, तोंड फुलवायचा स्क्रू फिरवायला घेतला...

नाकासमोर एक तळहात आला. बाबांचा. तळहातावर नट.

नट आधी नळीत ओवायचा असतो. एकदा का तोंड फुलवलं की तो आत जाणं नाही, पुन्हा कापणं आलं. आणि आता कापायला बोटभरसुद्धा नळी उरली नव्हती.

मकरंदनं फुलवायचा स्क्रू सोडला. त्यानं नट घेतला, ओवला, आणि मग तोंड पाडलं. हौसाक्का म्हणाली, “असाच इषय असतो का वो चाकनला?”

या वेळी मकरंदलाही हसू आलं.

नऊ वाजायला आले होते. नळी जागेवर बसली, नट हातानं फिरला तेवढा फिरला. बाबांनी पेटीतून दोन पाने काढले. एक मकरंदला दिला.

“तू रेडिएटरकडची बाजू धर. हलू द्यायची न्हाई. दुसरं काय करायचं न्हाई.”

दुसरा पाना त्यांनी हौसाक्कापुढे धरला.

“अक्का, तू आवळ.”

“म्या?”

“बाबा, काहीतरीच काय!” मकरंद ओरडला. “त्यांच्या हातात जोर कुठे आहे?”

“म्हणून तर.”

मकरंदनं रेडिएटरकडची बाजू पान्यात धरली.

हौसाक्कानं पदर खोचला. डाव्या हातावर सुयांच्या गाठी, त्या हातानं काही उचलायचं नाही असा डॉक्टरांचा दम. म्हणून तिनं उजव्या हातात पाना घेतला. ओठ मुडपून फिरवला. एक वेढा. अर्धा. मग पाव. मकरंद आपला पाना घट्ट धरून उभा होता आणि त्याचा सगळा जीव हातात आला होता. आवळावंसं वाटत होतं, नुसतं धरून ठेवणं सोसवत नव्हतं.

“आता सरकंना, बाबा,” हौसाक्का धापा टाकत म्हणाली.

“आणखी एक झटका मी देतो,” मकरंद म्हणाला. “फक्त एक.”

“धर,” बाबा म्हणाले.

त्यानं धरून ठेवलं.

बाबांनी हौसाक्काच्या हातातून पाना काढून घेतला. “बास झालं.”

मकरंदनं तेल भरलं. नळी पुसली. या वेळी मागून पुढपर्यंत, आपला जोड सगळ्यात आधी. राख भुरभुरली आणि गाडी चालू केली. तिघंही वाकून बघत राहिले. पाच मिनिटं... दहा...

राख तशीच. कोरडी, पांढरी.

“चला,” हौसाक्का म्हणाली, आणि कुणाची वाट न बघता जाऊन गाडीत बसली.

बाबांनी गाडी हाकली. मकरंद मागच्या हौद्यात, मांडीवर राखेचा डबा. सोमवारी गाडी जिथे बसली होती त्या वळणावर बाबा स्वतःहून थांबले. मकरंद उडी मारून खाली उतरला, बॉनेट उघडून वाकला आणि हात वर केला. कोरडी! गाडी चढ चढून गेली, घाट उतरली, आणि अकराला दहा मिनिटं असताना हौसाक्का दवाखान्याच्या खाटेवर आडवी झाली. नर्सनं विचारलं, सोमवारी गाडी बंद पडली होती ना, मग आज कशी आली? तर म्हणाली, “गाडी म्या स्वतः दुरुस्त केली.”

चार तासांनी ती बाहेर आली ती चालतच. पायांची सूज उतरली होती. परतीच्या वाटेवर दवाखान्याच्या चहाला तिनं मनसोक्त नावं ठेवली. ते ऐकताना मकरंदला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मठात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हौसाक्का घरी गेली. बाबा धुनीपाशी बसून सकाळच्या उरलेल्या शेंगा फोडत होते. मकरंद येऊन समोर बसला. तोंडसुद्धा धुतलं नव्हतं त्यानं. चेहरा मात्र उजळलेला.

“बाबा, आदेश.” नाथपंथी मठातला नमस्कार तो.

“आदेश.”

“बाबा, आज मला कळलं. जिथे मी हात लावला तिथे मी बघतच नव्हतो. अहंकार होता तो. केवढा तरी. पण आज सगळ्यांसमोर कबूल केला आणि संपला. आता खरंच काही राहिलं नाही. इतक्या लवकर स्वतःची चूक पकडता आली, याचं माझं मलाच नवल वाटतंय.” त्यानं डबा पुढे सरकवला. “आता तरी विभूती लावा. दीक्षा द्या.”

त्यानं डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

बाबांनी डबा उघडला. चिमटीत राख घेतली. हात त्याच्या कपाळाशी नेला...

आणि तसाच थांबवला. तेलानं चकचकणाऱ्या त्या कपाळाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग राख पुन्हा डब्यात सोडली, झाकण लावलं, आणि सकाळचं ते धोतराचं फडकं मकरंदच्या हातात दिलं.

“पूस,” बाबा म्हणाले. “मग बघू.”