झाकलेली पेस्ट

९ जानेवारी, गुरुवार. पूर्णेच्या काठावर दाट धुकं. वारा अजिबात नाही.

“...पण मग चुकलं कुठे, बाबा?”

गोपीराजने हे पुन्हा विचारलं. मठाच्या लांब खोलीत संगणकाची पेटी उघडी होती आणि आतल्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे घरघरत होते. खिडकीतून धुकं सावकाश आत यायचं, त्या घरघरीपाशी येऊन विरायचं.

पलीकडे चटईवर म्हाताऱ्या कौतिकाताई बसल्या होत्या. मठातली जुनी पोथी सांकेतिक लिपीत होती, आणि ती लिपी आता त्या एकट्याच वाचू शकत. पान पडद्यावर मोठं करायचं, त्या म्हणतील तसे डाग पुसत अक्षर उजळायचं, त्यांनी वाचायचं. वाचन ध्वनिमुद्रित व्हायला हवं होतं ते आजच. उद्या नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

पण पान उजळू लागलं की कार्ड तापे, पंखे भरधाव सुटत, आणि ताईंचा बारीक आवाज त्यात बुडून जाई.

“काहून रे बाप्पा,” ताई म्हणाल्या, “मले पोथी वाचाले बसवलं का दळण टाकाले?”

गोपीराजचे कान लाल झाले. दीक्षा घेण्याआधी पुण्यात त्याने वर्षानुवर्षं यंत्रंच हाताळली होती, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“पेस्टमध्ये खोट नाही, बाबा. चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा आरशासारखे दिसले तरी खडबडीतच असतात. मधल्या फटी पेस्ट भरते, मग उष्णता वर जाते. जुनी वाळून खडू झाली होती. ती पुसून मी नवी लावली.”

मठाचे प्रमुख बाबा कोपऱ्यात बसून एका फाटक्या पानाला खळ लावत होते. मान वर न करता म्हणाले,

“लावलीस. मग?”

“ठोकळा बसवला. स्क्रू आवळले.”

“मग?”

“मग उघडून पाहिलं. पसरली की नाही ते.”

“पसरली होती?”

“एकसारखी! अगदी कडेपर्यंत.”

“मग?”

“ठोकळा पुन्हा बसवला.”

“त्याच पेस्टवर?”

“चांगली पसरली होती ना, बाबा. पुसायची कशाला?”

...

बाबांनी तळव्यावर बोटभर खळ घेतली. दुसरा तळवा त्यावर दाबला. थोडं थांबले. मग हात अलग करून त्याच्यापुढे धरले.

दोन्ही तळव्यांवर खळीची बारीक बारीक टोकं उभी राहिली होती. मधे मधे खळगे.

“मिटलेली होती तेव्हा अशी नव्हती,” बाबा म्हणाले.

त्यांनी तळवे पुन्हा मिटले. कडेने एक बुडबुडा फुटला.

“म्हणजे आत हवा अडकली,” गोपीराज पुटपुटला.

मग त्याने संगणक बंद करून कार्ड सोडवलं. सगळी पेस्ट पुसली. ट्यूबमध्ये वाटाण्याएवढीच उरली होती, ती चिपच्या मधोमध ठेवली. ठोकळा सरळ उतरवला. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले.

झालं.

...तरी त्याचा हात पुन्हा पहिल्या स्क्रूकडे गेला.

“पेचकस दे इकडे,” बाबा म्हणाले.

त्याने दिला. बाबांनी तो आसनाखाली सारला आणि वर बसले.

“पण बाबा, या वेळी पसरली नसली तर? आता ट्यूबमध्ये काही नाही. ताई उद्या जाणार...”

बाबांनी नुसतं पेटीकडे बोट दाखवलं. गोपीराजने कार्ड आत बसवून संगणक सुरू केला.

“ताई,” बाबा म्हणाले, “वाचा.”

पान उजळलं. पंखे फिरू लागले. गोपीराजने डोळे मिटून घेतले. घरघर वाढली, जराशी थांबल्यासारखी झाली, आणि हळूहळू खाली उतरत गेली, जशी पैलतीरावरची बैलगाडी दूर जाते. मग खोलीत धुकं होतं, आणि ताईंचा आवाज.

संध्याकाळपर्यंत पोथीची सतरा पानं वाचून झाली. कार्ड अडुसष्ट अंशांवर राहिलं. ध्वनिमुद्रणात पंख्याचा आवाज आला नाही.

ताई काठी टेकत निघून गेल्यावर गोपीराज बाबांजवळ सरकला.

“बाबा, म्हणजे आत पेस्ट नीटच पसरली असेल ना?”

“मला काय ठाऊक?” बाबा म्हणाले. “मी पोथी ऐकत होतो.”