महाराज विरुद्ध महाराज

“सामना झालाच पाहिजे, पण दोन मतं निघता कामा नयेत!” मकरंदराजांनी हुकूम सोडला आणि चिंचणगडचा दरबार मान डोलावू लागला. मान डोलावणं हेच तिथलं मुख्य काम होतं. बाकीची कामं वेळ मिळाला तर.

पण या वेळी पेच मोठा होता. चिंचणगडच्या जत्रेत कलगीवाले आणि तुरेवाले अशा दोन शाहिरांचे फड समोरासमोर बसत. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो खोडून काढायचा. हा सामना झाल्याशिवाय देवाची पालखी उचलायची नाही, अशी जुनी चाल. ती मोडायची राजांचीही छाती नव्हती.

“सामना खरा हवा,” राजे म्हणाले. “सवालाला तोडीस तोड जवाब हवा. पण माझ्या मताबाहेर एक शब्द जरी कुणी गायला, तर त्याचा डफ फोडीन आणि त्याला कोठडीत टाकीन, त्या कोंडाजीसारखं!”

कलगीवाला शाहीर कोंडाजी गेल्या जत्रेपासून कोठडीत होता. भर सामन्यात राजे मध्येच काहीतरी बोलले आणि हा म्हणाला, “चूक, महाराज!” एवढाच त्याचा गुन्हा.

सामना कोण करतो, म्हणून तबकातला विडा फिरला. मोठमोठ्या मिशांच्या शाहिरांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला. कोंडाजीची मुलगी हौसा! सगळ्यांच्या नजरा वळल्या तसे तिचे कान तापले, पण विडा तिनं घट्ट धरला.

“सामना करून दाखवला तर माझ्या बाबांना सोडाल, महाराज?”

“सोडीन! आणि जिंकणाऱ्याला सोन्याचं कडं. पण चुकलीस, तर बाप तिथंच आणि तूही तिथंच!”

“अगदी योग्य!” दिवाण विसाजीपंत म्हणाले. कशाला म्हणाले, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हौसा तडक तुरेवाल्या निवृत्ती शाहिराकडे गेली. “काका, महाराजांच्या मताबाहेर जायचं नाही ना? मग आपण दोघंही महाराजांचीच मतं गाऊ.”

“मतं? अगं पोरी, त्यांचं मत एकच असणार की!”

“एकच असतं, तर मी विडा उचलला असता का?”

निवृत्ती शाहिरांनी मांडीवर जी थाप मारली, ती शेजारच्या आळीत ऐकू गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. राजे उंच आसनावर बसले. खाली रांगेनं दरबारी. हौसानं डफावर थाप दिली आणि सवाल टाकला,

“विद्या नाही जन्माची हो, विद्या गुरूच्या हाती गं,
गुरू असेल कच्चा तर सोन्याचीही माती गं!”

राजे ताडकन उठले. “कुणाचं मत हे?”

“आपलंच, महाराज! श्रावणात युवराज घोड्यावरून पडले. तेव्हा त्यांच्या उस्तादाला फटके देताना आपणच दवंडी पिटवली होती. पोर गुरू घडवील तसं घडतं, दोष उस्तादाचा!”

दिवाणांची मान वरखाली हलली. राजे बसले. आता निवृत्ती शाहिरांचा डफ कडाडला,

“वाघाच्या त्या बछड्याला कुणी शिकवली झेप रं?
रक्तातच विद्या सारी, गुरू नुसता लेप रं!”

“आणि हे?” राजांनी विचारलं.

“हेही आपलंच, महाराज! दसऱ्याला युवराज शर्यत जिंकले. तोच उस्ताद शाबासकीच्या आशेनं पुढे आला, तेव्हा आपण म्हणालात, रक्त बोलतं! उस्तादाचं काय त्यात?”

दिवाणांची मान पुन्हा वरखाली हलली. झालं! सवालामागून सवाल, जवाबामागून जवाब. हौसा महाराजांचं श्रावणातलं मत गाई, शाहीर दसऱ्याचं मत गाऊन ते चिरडून टाकत. लोक टाळ्या पिटत होते. दरबाऱ्यांची मात्र पंचाईत! याला हो म्हणावं तर त्याला नाही होतं. शेवटी त्यांच्या माना वरखालीही हलेनात नि आडव्याही हलेनात, जात्यासारख्या गोल फिरू लागल्या.

“दिवाणजी!” राजे गरजले. “हरलं कोण?”

“महाराज हरणं शक्यच नाही, महाराज.”

“अरे, पण दोन्हीकडून मीच गातोय!”

“म्हणूनच सामना इतका रंगलाय, महाराज!”

राजांचा संयम सुटला. “गप्प बसा! दोन्ही एकदम खरं कसं असेल? पडला तर गुरूचा दोष आणि जिंकला तर रक्ताचा गुण? हा कुठला न्याय? मुलात धमक नसेल तर गुरू काय करील? आणि गुरूच नसेल तर नुसत्या धमकेचं काय लोणचं घालायचं? दोन्ही लागतं! श्रावणात मी चुकलो आणि दसऱ्यालाही चुकलो!”

डफ थांबले. असलं वाक्य त्या आसनावरून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दिवाणांची मान निम्म्यावर अडकली.

हौसा हात जोडून पुढे आली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“महाराज, आम्ही आपल्या मताबाहेर एक शब्दही गायलो नाही. आज आपल्याला चूक म्हणणारा माणूस एकच निघाला. आता त्याला हुकमाप्रमाणे बाबांशेजारी कोठडीत टाकायचं, की सामना जिंकला म्हणून कडं द्यायचं?”

आणि राजे हसले! असे हसले की तुरा पगडीवरून कपाळावर घसरला. राजे हसले म्हणून दरबारही हसला. कशाला हसायचं ते कुणी कुणाला विचारलं नाही.

“सोडा रे कोंडाजीला!” डोळे पुसत राजे म्हणाले. “आणि त्या उस्तादाला मानाचा शेला द्या. सामना मी जिंकलो, पण कडं ही पोर घेऊन जाईल. कुणाचा विरोध?”

सगळे चिडीचूप.

“अरे, एखाद्यानं तरी तोंड उघडा!”

विसाजीपंत लगबगीनं उठले. “महाराजांची आज्ञा असेल, तर मी विरोध करतो. कशाला करू, तेवढं सांगावं!”

राजांना पुन्हा हसू आवरेना. तसंच हसत त्यांनी सोन्याचं कडं हौसाच्या हातात चढवलं आणि पालखी उचलायला सांगितलं. पालखीच्या पुढे कोंडाजी शाहीर चालत होता, लेकीचा डफ वाजवत.