मांडव पांघरलेलं वऱ्हाड

एका गावाला लागून ओढा होता, आणि ओढ्याच्या अल्याड, डोंगराच्या कुशीत, एकच घर होतं. घर खाऊनपिऊन सुखी, पण सणावाराच्या बाबतीत अगदी कोरडं. दसरा असो, दिवाळी असो, घरधनी दाराला आंब्याची एक डहाळी खोचायचा आणि म्हणायचा, झाला सण. मग सगळे जेवून झोपायचे.

अशा घरात एका वैशाखात नवी सून आली. तिचं नाव हौसा, आणि नावासारखीच ती हौशी. तिच्या हातात सुई आली की कापडाला पंख फुटत. तिच्या रुखवतातला कापडी पोपट इतका हुबेहूब होता, की भर मांडवात एका मांजरीनं त्याच्यावर झेप घेतली होती. ही गोष्ट हौसाच्या माहेरी सगळ्यांना पाठ होती, आणि ती सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासरीही सगळ्यांना पाठ झाली.

पोळा आला. हौसानं सासऱ्यांना विचारलं, हे तुमचं उपरणं रोज लागतं का? सासऱ्यांना सून नवी, तिचा उत्साह नवा. ते म्हणाले, घे की. त्या उपरण्याची बैलासाठी झूल झाली, तिला आरसे लागले, गोंडे लागले. गावातून मिरवणूक निघाली तेव्हा लोकांनी बैलाचं इतकं कौतुक केलं, की शेजारून चाललेले उघड्या खांद्यांचे सासरे कुणाच्या नजरेतच आले नाहीत.

गौरी आल्या तेव्हा सासूबाईंची शाल मखराला गेली. शालीतून हौसानं अशी वेल कापून काढली, की गावातल्या बायका ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत ती बघायला आल्या. ज्या घरी वर्षानुवर्षं कुणी हळदीकुंकवाला फिरकलं नव्हतं, तिथं ओसरीवर जागा पुरेना. सासूबाईंनी प्रत्येकीला सांगितलं, माझ्या सुनेनं केलंय. सांगताना त्यांना शालीची आठवण एकदाही झाली नाही. आठवण झाली ती बायका गेल्यावर, वारा सुटला तेव्हा.

दिवाळीला नवऱ्याच्या रेशमी सदऱ्याच्या बाह्यांचा आकाशकंदील झाला. कंदील फार देखणा होता. थंडीत बिनबाह्यांचा का फिरतोस, असं कुणी विचारलं, की नवरा अभिमानानं वर बोट दाखवायचा.

गंमत अशी, की घरातल्या प्रत्येकाला वाटे, आपलीच एक वस्तू गेली. पोरीचा हिरमोड कशाला करायचा? म्हणून कुणी बोलत नसे. आणि हौसाला वाटे, कुणी बोलत नाही म्हणजे कुणाला काही लागत नाही.

मार्गशीर्षात नणंदेचं, सगुणाचं, लग्न ठरलं. मांडव दारातच पडायचा होता. हौसा म्हणाली, मांडव मी सजवते. सासूबाईंना आनंद झाला, कारण होणाऱ्या विहीणबाईंची कीर्ती त्यांनी ऐकली होती. ही बाई ज्या लग्नाला जाई तिथं जेवून, पान खाऊन, निघताना म्हणे, "बाकी सगळं ठीक, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे जे येई त्यानं यजमानांची झोप उडे. हौसानं ठरवलं, या वेळी विहीणबाईंच्या तोंडात 'पण' येऊच द्यायचा नाही.

ती कामाला लागली. आधी जुनी लुगडी गेली, मग धोतरं, मग चादरी. तेवढ्यानं छत भरेना, म्हणून गोधड्या गेल्या. छताला टांगायच्या कापडी हत्तीला जाडपणा येईना, म्हणून घोंगड्या गेल्या. शेवटी घरातल्या प्रत्येकाकडे अंगावरचा एक जोड उरला, आणि रात्री सगळे गवतात शिरून झोपू लागले. सासरे म्हणाले, ऊब चांगली आहे, फक्त गाय पांघरुणाकडे बघत राहते.

मांडव मात्र असा झाला, की तसा त्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. छताच्या मधोमध झुलणारा हत्ती, त्याच्या भोवती कमळं, कडेनं पोपटांच्या रांगा, आणि दर्शनी पडद्यावर पिसारा फुलवलेला मोर. हौसा त्याच्याखाली उभी राहून वर बघत राहायची. एकदा तर बघता बघता तिची भाकरी करपली. लग्नाच्या सकाळी सारा गाव मांडव बघायला येणार होता.

आदल्या दिवशी पहाटेच वऱ्हाड निघालं. त्यांच्या गाड्यांना रेडे जुंपलेले होते. दिवसभर चालून रेडे कावले होते. संध्याकाळी ओढा लागला, पाणी पोटाला लागलं, आणि पुढच्या गाडीचे दोन्ही रेडे एकमेकांकडे बघून पाण्यात बसले. गाडी कलंडली. मागची गाडी तिच्यावर येऊन आदळली आणि तीही कलंडली. नवरदेव, त्याचे आजोबा, विहीणबाई, मामा, काका, काकू आणि कपड्यांच्या सगळ्या पेट्या, एकूण एक ओढ्यात. लागलं कुणालाच नाही, पण कोरडंही कुणी राहिलं नाही.

सारं वऱ्हाड निथळत, कुडकुडत मांडवात येऊन उभं राहिलं. डोंगरावरून वारा सुटलेला. सासऱ्यांनी घाईनं शेकोटी पेटवली, पण छाती शेकावी तर पाठ गारठायची आणि पाठ शेकावी तर छाती. ओले कपडे अंगाला चिकटलेले. सासूबाई हौसाच्या नवऱ्याला म्हणाल्या, घरात कोरडं असेल ते सगळं काढ. त्यानं आत जाऊन घरची पेटी उघडली. पेटीच्या तळाला कडुनिंबाची वाळलेली पानं होती. कपडे टिकावेत म्हणून घातलेली. पानं टिकली होती.

तो बाहेर आला आणि त्यानं मान वर केली. सासऱ्यांनी केली. सगुणानं केली. सगळे छताकडे बघत होते, आणि बोलायचं कुणीच नाही. इतके महिने न बोलायची सवय झालेली.

सासूबाईच शेवटी म्हणाल्या, की गावातून कपडे मागून आणावेत. गाव ओढ्यापलीकडे, वर चढणीवर. अंधार पडायला आलेला. जाऊन, घरोघर मागून, परत यायचं म्हणजे जेवणवेळ टळून जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. हौसालाही कळत होतं. तरी ती नवऱ्याला म्हणाली, "जा, लवकर जा." आणि मोराच्या पडद्याला पाठ लावून उभी राहिली. एकच रात्र, तिनं मनाशी म्हटलं. सकाळी गाव एकदा बघून जाऊ दे, मग काय ते करू.

तेवढ्यात नवरदेवाचे आजोबा शेकोटीपासून उठून तिच्याजवळ आले. खूप म्हातारे होते. दाढीतून पाणी ठिबकत होतं, आणि दातांवर दात वाजत होते. त्यांनी वर बोट केलं. बोट इतकं थरथरत होतं, की ते हत्तीकडे आहे की पोपटाकडे, ते समजेना.

"पोरी, हे तू केलंस?"

"हो, आजोबा."

"ह-ह-हत्ती छान आहे," आजोबा म्हणाले. "कान तर अगदी... अगदी ख-खरे."

आयुष्यात हौसाला इतकी शाबासकी मिळाली होती, पण ही शाबासकी तिला टोचली. हत्तीचे कान खरे वाटावेत म्हणून तिनं त्यात घोंगडी दुहेरी घातली होती. सासऱ्यांची घोंगडी. घरातली सगळ्यात उबदार वस्तू म्हाताऱ्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर टांगलेली होती, आणि तो तिच्याखाली उभा राहून काकडत तिचं कौतुक करत होता.

ती आत गेली आणि कात्री घेऊन आली. फाटकापाशी पोचलेल्या नवऱ्याला तिनं परत बोलावलं आणि शिडी लावायला सांगितली.

सासूबाईंनी तिचा हात धरला. त्यांना अगदी रडू येत होतं. "अगं हौसा, उद्या मुहूर्त आहे. साऱ्या गावापुढे मांडव उघडाबोडका दिसेल."

"आत्याबाई," हौसा म्हणाली, "मांडवाला थंडी वाजत नाही."

आणि तिनं पहिला टाका कापला.

मग सगळेच शिडीला भिडले. हत्ती खाली आला तो सरळ आजोबांच्या अंगावर गेला. सोंड मागं पाठीवर लोंबत राहिली, कान दोन्ही खांद्यांवर आले, आणि आजोबांचे दात वाजायचे थांबले. नवरदेवाच्या वाट्याला पोपटांची रांग आली. मामा देहानं मोठे, त्यांना कमळांचं सबंध तळं लागलं. विहीणबाईंना मोर मिळाला. त्यांनी तो गुंडाळून घेतला, पायांकडे ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक, पण मोर शेपटीला जरा तोकडा आहे." सासूबाईंचा जीव खालीवर झाला. पण विहीणबाईंनी तेवढं बोलून मोरात तोंड खुपसलं आणि शेकोटीपाशी घोरायला लागल्या.

सगळ्यांना पुरलं, असं वाटत होतं, तोच ओढ्याकडून गाडीवान आला. बिचारा इतका वेळ पाण्यात उभा राहून रेड्यांची समजूत घालत होता. सर्वांत जास्त भिजलेला तोच, आणि त्याला सगळे विसरलेले. मांडवाचे आता नुसते बांबू उरले होते.

हौसा त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग ती आपल्या खोलीत गेली. तिथं तिची माहेरची पेटी होती. घरातल्या सगळ्यांची वस्त्रं तिनं कापली होती, पण या पेटीला कात्री कधी लागली नव्हती. ते आत्ता, पेटीसमोर बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि अंधारात ती एकटीच लाजली. तिनं आपला लग्नातला जरीचा शालू काढला आणि बाहेर आणून गाडीवानाला दिला.

गाडीवान घेईना. म्हणाला, हे असलं नेसून मी रेड्यांना तोंड कसं दाखवू. आजोबा हत्तीतून म्हणाले, "घे बाबा. रेडे आज काय बोलणार तुला?" तेव्हा कुठं त्यानं घेतला.

सकाळी डोंगरावर दाट धुकं होतं. ओले कपडे दोरीवर होते तसेच ओले. मुहूर्त काही कपड्यांसाठी थांबत नाही. नवरी तिच्या मामानं सकाळी आणलेल्या पिवळ्या साडीत, आणि तिच्यासमोर नवरदेव पोपट पांघरून, असं लग्न उभं राहिलं. मांडव बघायला आलेला गाव ओढ्यावरच्या दगडांवरून उड्या मारत आला आणि बांबू बघून थबकला. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. हौसा मान खाली घालून अक्षता वाटत राहिली.

मग धुक्यातून हत्ती आला. त्यानं सगळ्यांना रामराम केला. त्याच्या मागून एक तळं आलं आणि पाट कुठं मांडू, असं विचारू लागलं. एक मोर आला आणि त्यानं विड्यांची चौकशी केली. शेवटी जरीचा शालू खांद्यावरून घेतलेला, भरघोस मिशांचा गाडीवान रेड्यांना वैरण घालायला गेला, तेव्हा पहिल्यांदा नवरदेवाला हसू फुटलं, मग नवरीला, मग भटजींना. मंगलाष्टक दोनदा थांबवावं लागलं. त्या दिवशी गाव जितका हसला तितका कुठल्या लग्नात हसला नव्हता, आणि मांडव कुठं आहे, असं नंतर कुणी विचारलंच नाही.

वऱ्हाड निघालं तेव्हा कपडे वाळले होते, पण विहीणबाईंनी मोर काही परत दिला नाही. आजोबांनी हत्ती दिला नाही. गाडीवानानं मात्र शालू घडी घालून आणून दिला आणि सांगितलं, की रेडे त्याला अजून ओळखत नाहीत.

रात्री हौसा सासूसासऱ्यांच्या पुढ्यात बसली. तिनं विचारलं, माझ्यापायी तुम्ही गवतात झोपलात, मग कुणी मला नको का म्हणालं नाही? सासरे म्हणाले, "तू हौसेनं करत होतीस, पोरी. आम्हाला वाटलं, थंडी काय, निघून जाते." सासूबाई म्हणाल्या, की चूक त्यांचीही होती. गावातल्या बायकांचं कौतुक ऐकायला त्यांनाही गोड लागत होतं.

महिन्याभरानं सगुणाच्या सासरहून गाडी आली. गाडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे ढीग होते, आणि विहीणबाईंचा निरोप होता, की त्यांच्या घरी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा गोधड्या शिवून पाठव. वर असंही सांगितलं होतं, की मोराची शेपटी पायाखाली येईल एवढी ठेव.

तेव्हापासून हौसा गोधड्या शिवू लागली. आधी स्वतःच्या घरच्या, मग सगुणाच्या सासरच्या, मग गावच्या. कापायच्या आधी ती दोनदा विचारायची, आणि लोकही आता खरं उत्तर द्यायला शिकले होते. हळूहळू त्या भागात लग्न ठरलं, की नवरीच्या रुखवतात हौसाच्या हातची गोधडी असायचीच.

पुढच्या दिवाळीला परगावचे पाहुणे मुद्दाम तिचं घर बघायला आले. त्यांनी फार ऐकलं होतं. येऊन बघतात तो भिंती साध्या आणि दाराला आंब्याची डहाळी. ते हिरमुसून म्हणाले, की इथली सजावट नामांकित आहे असं कळलं होतं, ती कुठं आहे?

सासूबाईंनी ओसरीकडे हात केला. तिथं सासरे पोपट पांघरून, नवरा कमळं पांघरून, अगदी ऐटीत बसले होते.

"ती काय," सासूबाई म्हणाल्या, "चिवडा खातेय."

तात्पर्य एवढंच, की घर सजवायच्या आधी घरातल्या माणसांना पांघरूण घालावं. आणि आपल्याला थंडी वाजत असेल, तर प्रेमाच्या माणसाला तसं वेळेवर सांगावं.