चेंडू जिथे, भोक तिथे

एक होतं जंगल. समुद्राकाठचं, नगरपालिकेसकट. तिथल्या हत्तीशेठनं मरताना आपली वाडी गावाला देऊन टाकली आणि गावानं तिथे गोल्फचं मैदान केलं. सकाळी बकऱ्या खेळायच्या, दुपारी त्याच बकऱ्या चरायच्या, त्यामुळे माळी लागत नसे. भोकं खणायचं काम कुर्लीबाईंच्या खेकडे-घराण्याकडे. तिरकं चालत येऊन सरळ भोक पाडावं ते त्यांनीच.

मग राजाच्या निवडणुकीत गवा निवडून आला.

भरतीचं पाणी रोज दोन पावलं मैदानात यायचं. गव्यानं समुद्राला अतिक्रमणाची नोटीस बजावली. समुद्र दुसऱ्या दिवशीही दोन पावलं आत आला. मग मधे भिंत घातली, जांभ्या दगडाची, वर काचा.

कुर्लीबाई अडकल्या अलीकडे. पोटाखाली अंडी. ती उधाणाच्या पाण्यातच सोडायची असतात.

“कोल्हेसाहेब, एक बीळ तरी ठेवा हो,” त्या मुख्याधिकारी कोल्ह्याला म्हणाल्या. “आज उधाण. आज नाही सोडली तर पोरं पोटाशीच मरतील माझी.”

“अर्ज करा, बाई. आणि आज साहेबांचा विक्रम आहे. भोकांचं बघा.”

विक्रम म्हणजे नऊ भोकं, नऊ फटके. जमलं की मैदानाला गव्याचं नाव.

गव्यानं पहिला फटका मारला. चेंडू भोकापासून शंभर पावलं लांब, शेणात.

“भोक चुकलंय!” कोल्हा म्हणाला. “बाई, सरकवा!”

कुर्लीबाईंनी चेंडूखालीच भोक पाडलं. चेंडू टुपकन आत. माकडं नाचायला लागली, “चेंडू जिथे, भोक तिथे! गवासाहेब आगे बढो, भोक तुम्हारे साथ है!”

असं आठदा. चौथा चेंडू एका बकरीनं गिळला, तर तिलाच भोक जाहीर करून हार घातला. हारही तिनं खाल्ला.

नववा फटका गव्यानं असा हाणला, की चेंडू भिंतीवरून थेट समुद्रात.

“खणा, बाई,” कोल्हा म्हणाला.

कुर्लीबाईंचे डोळे टुण्णकन ताठ झाले. “खणते की! मी कधी नाही म्हटलंय? पण मधे भिंत आहे, साहेब.”

“माझ्या विक्रमाच्या आड भिंत?” गवा डुरकला. “कुणी बांधली?”

“आपणच, साहेब,” कोल्हा म्हणाला.

“मागच्या राजानं, म्हण! पाडा!”

रानडुकरांनी धडक दिली, भिंत आडवी झाली. कुर्लीबाई जन्मात पळाल्या नव्हत्या तशा तिरक्या पळाल्या. लाटेत शिरल्या, नांग्या वर करून अंग गदगदा हलवलं. लाखभर अंडी पाण्यात गेली.

“पडलं हो भोक!” त्या ओरडल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच खिंडारातून उधाण आत आलं. सगळी भोकं भरली, सत्काराचा मंडप तरंगला, भोक झालेली बकरी मंडपावर चढली आणि गवा गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून जनतेचे आभार मानत राहिला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, “समुद्रानं आपल्या असंख्य लाटांसह गवासाहेबांच्या पक्षात जाहीर प्रवेश केला आहे होऽऽ!”

अतिक्रमणाची नोटीस त्याच दुपारी मागे घेण्यात आली.