गोठ्यातला गूळ आणि चार कॅमेरे

रणनवऱ्यांच्या गोठ्यातला गूळ चोरीला जात होता. व्यालेल्या म्हशीसाठी आणलेली ढेप आठ दिवसांत निम्मी व्हायची, अन् म्हशीच्या अंगावर त्यातलं काही दिसत नव्हतं. आळ आला धारा काढणाऱ्या हौसावर. गोठ्यात दिवसभर तीच असायची, मग दुसरं कोण खाणार?

दौलतराव रणनवरे म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी चारचौघांत हौसाला बोल लावला. पण त्यांच्या पत्नी कमळजाबाई म्हणाल्या, बावीस वर्षं राबलेलं माणूस पुराव्याशिवाय काढायचं नाही. घराला अन् गोठ्याला कॅमेरे बसवा. दौलतरावांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. पण गावात त्यांचं प्रस्थ असलं, तरी घरात चालायचं ते बाईसाहेबांचंच. डॉक्टरांनी दौलतरावांचं गोड बंद केल्यावर बाईसाहेबांनी घरात साखरेचा कण राहू दिला नव्हता.

कॅमेरे बसवायला आली हौसाचीच लेक, वृषाली. तालुक्याला तिचं छोटं दुकान होतं. दौलतरावांनी तिला ओसरीवरच गाठून अट घातली.

"कॅमेऱ्यात चोर दिसला पाहिजे, नोकर दिसले पाहिजेत, पण मालक दिसता कामा नये. मालक दिसला तर तुला मजुरी नाही, अन् तुझ्या आईनं उद्यापासून यायचं नाही."

मालक कॅमेऱ्यासमोरून गेले तर, असं वृषालीने विचारलं. ते तुझ्या कॅमेऱ्यानं बघायचं, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्यांवर नजर ठेवायची हौस असलेली गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली होती. स्वतःलाच एवढं भिणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. तिने कबूल केलं. फक्त अट बाईसाहेबांसमोर पुन्हा बोलून दाखवा म्हणाली. दौलतरावांनी ती ऐटीत बोलून दाखवली, वर इभ्रतीचं कारणही जोडलं.

वृषालीने एक कॅमेरा फाटकावर लावला, एक परसदारी, एक कडब्याच्या गंजीकडे अन् एक गोठ्यात. वायर कुठेच नव्हती. सगळे उन्हावर चार्ज होणारे. वायफाय गोठ्यापर्यंत पोचेना, म्हणून मधल्या पाण्याच्या टाकीवर तिने सिग्नल पुढे ढकलणारी एक डबी बसवली. गोठ्यातला कॅमेरा पहिल्याच दिवशी म्हशीने चाटून आंधळा केला, तेव्हा तो वर वाशाला गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात तिचा मोबाइल वाजला. हौसा जेवायला घरी गेली होती, तरी गोठ्यात हालचाल होती. तिने पाहिलं अन् कपाळाला हात लावला. डोक्यावरून घोंगडी घेतलेले दौलतराव म्हशीशेजारी उकिडवे बसून गूळ चाखत होते. हे दाखवलं तर मालक दिसले, आईचं काम गेलं. नाही दाखवलं तर आई चोर ठरली. स्कूटरवरून रणनवऱ्यांच्या दारात पोचेपर्यंत ती त्याच विचारात होती.

तिने मोबाइल बाईसाहेबांच्या हातात दिला. हौसाही बोलावल्यावरून आली होती. पडद्यावर घोंगडी घसरली अन् चेहरा स्वच्छ दिसला. कमळजाबाईंनी मोबाइल नवऱ्यासमोर धरला. दौलतराव खेकसले, "अट मोडली! मालक दिसला! आता मजुरीही नाही अन् तुझ्या आईचं कामही नाही."

"मालक कुठं दिसले?" वृषालीने शांतपणे विचारलं. "गोठा मालकांचा, म्हैस मालकांची, गूळही मालकांचाच. ते कशाला घोंगडी घेऊन चोरून खातील? हा मालक नसेल तर तुमची अट पाळली गेली. अन् मालकच असेल, तर स्वतःचा गूळ खाल्ला त्याला चोरी कोण म्हणेल? मग माझी आई चोर कशी? आता तुम्हीच सांगा, हा कोण?"

दौलतराव पुरते कात्रीत सापडले. मालक म्हणावं तर चोरीच झाली नव्हती. चोर म्हणावं तर मालकी जात होती. पहिल्यांदा हसू फुटलं ते कमळजाबाईंना. मग दौलतरावही असे खदखदून हसले की तोंडातल्या गुळाचा वास बाईसाहेबांपर्यंत गेला.

हौसाची त्यांनी चारचौघांतच माफी मागितली अन् तिचा पगार वाढवला. वृषालीला मजुरी दुप्पट मिळाली, शिवाय रणनवऱ्यांच्या तिन्ही मळ्यांवर कॅमेरे बसवायचं काम. अन् गुळाची उरलेली अर्धी ढेप कमळजाबाईंनी तिथल्या तिथे हौसाच्या पदरात घातली.